शितावरून परीक्षा

“काय हवंय?” दाराची साखळी न काढताच बाईंनी विचारलं.

सरांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि जो तो काहीतरी मागायलाच येत होता. कुणाला त्यांचं पेन हवं, कुणाला अर्धवट राहिलेला लेख. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मेले! सर एवढे मोठे समीक्षक. त्यांच्या एका शब्दानं लेखक तरायचे, नाहीतर बुडायचे. उद्या वाचनालयाच्या सभागृहाला त्यांचं नाव देणार होते.

“न्यायचं काही नाही. एक विचारायचं होतं,” बाहेरचा म्हातारा म्हणाला. “माझं औषधांचं दुकान होतं. त्याच्याआधी एक कादंबरी लिहिली होती.” त्यानं कादंबरीचं नाव सांगितलं.

बाईंनी ते लगेच ओळखलं. ‘या लेखकाला लिहायची खोड आहे, गरज नाही,’ हे त्या कादंबरीवरचं सरांचं वाक्य कॉलेजातली पोरं अजून हसत हसत सांगायची. हा नक्की उट्टं काढायला आलाय. तरी दारातून हाकलणं बरं दिसेना. त्याला खुर्ची दाखवून बाई उभ्याच राहिल्या. आत सरांचा पट्टशिष्य पुस्तकं खोक्यांत भरत होता. त्याचा आवाज एकदम बंद झाला.

“त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली होती का हो?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“कुठं छापणार आहात हे?”

“छापणं तेव्हाच सुटलं. लिहिणंही.”

शिष्य तरातरा बाहेर आला. “सर प्रत्येक पुस्तक दोनदा वाचायचे! वहिनी, तुम्ही आत जा. मी बघतो यांच्याकडे.”

याला एवढी घाई कसली? बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो नजर चुकवत होता. म्हणजे यालाही ठाऊक होतं तर!

त्यांना ती दुपार आठवली. मासिकाचा माणूस लेखासाठी बाहेर ताटकळत बसलेला. “पुढचं नाही वाचणार?” असं बाईंनी विचारलं, तेव्हा सर हसले होते. “अगं, शितावरून भाताची परीक्षा!”

“नाही वाचली,” बाई म्हणाल्या.

“वहिनी! उद्या कार्यक्रम आहे!”

“दोन प्रकरणं चाळली त्यांनी. शेवटपर्यंत वाचली ती मी.”

आता म्हातारा आरडाओरडा करणार, उद्या भर सभेत उभा राहणार, असं बाईंना वाटलं.

“कशी वाटली?” त्यानं हळूच विचारलं.

थट्टा करतोय की काय? बाईंनी त्याचा चेहरा न्याहाळला. नव्हता करत.

“ती नर्स शेवटी नवऱ्याकडे परत जाते, ते नाही पटलं. तिथं तुम्ही कच खाल्लीत.”

म्हातारा खुर्चीच्या काठावर सरकला. “मलाही ते खटकत होतं. मग काय करायला हवं होतं तिनं?”

या घरात इतके लेखक येऊन गेले. पुस्तकाबद्दल बाईंना कुणी कधी विचारलं नव्हतं. शिष्य तिथंच ताटकळत होता. त्याला वळसा घालून त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि म्हाताऱ्यासमोर बसल्या.

“पहिलं म्हणजे,” त्या म्हणाल्या, “तिच्या सासूला तुम्ही उगाच मारलंत.”