मलेरिया नाही, मग झालं

"मलेरिया नाई ना बाई? मंग झालं," म्हणत लहानूभाऊ बायकोचा हात धरून निघालेसुद्धा.

माझं डोकं फिरलं. एकवीस वर्षं या उपकेंद्रात नर्स आहे. ताप म्हणजे मलेरिया, आणि किट निगेटिव्ह म्हणजे माणूस ठणठणीत, हे या लोकांच्या डोक्यात आम्हीच भरवलं.

"बसा जी खाली. कधीपासून ताप हाय?"

"चार दिवस. पन बोलून राह्यली भलतंच. जाळ्याले सूप म्हनते. चूल इझली तरी जळका वास येते म्हनते."

त्यांची बायको गिरजाबाई शांत बसल्या होत्या. नागभीडच्या बाजारात मासोळीच्या भावावरून भल्याभल्यांची बोलती बंद करणारी बाई. मी पेन दाखवला.

"हे काय हाय बाई?"

"वांगं."

मलेरिया मेंदूत चढला तर शुद्ध हरपते आणि किटवर दुसरी रेघ उमटते. धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या शेतात वाढणाऱ्या डासांचा जपानी मेंदूज्वर बहुधा पोरांना धरतो, झटके येतात. चांदीपुरा विषाणू तर लेकराला एका दिवसात नेतो. पण ओठावर तापाचे फोड आणणारा विषाणू मेंदूत शिरला, तर माणूस चालता-बोलता राहतो आणि आधी त्याचे शब्द जातात, नसलेले वास येतात, आठवण जाते. त्यावर औषध आहे, फक्त ते लवकर मिळायला हवं.

हे सगळं मी लहानूभाऊंना सांगितलं. दोनदा सांगितलं.

"आताच्या आता चंद्रपूरले न्या. दवाखान्याची गाडी बोलावते मी."

"उद्या तळ्यात जाळं टाकाची पाळी आमची हाय. मच्छीमार सोसायटीची पाळी चुकली का वरीसभर येत नाई. परवा नेतो."

"परवा उशीर होईन, भाऊ."

"मलेरिया नाई ना पन."

दगडावर डोकं आपटलेलं परवडलं. गाडी आली आणि रिकामी परत गेली. तिसऱ्या दिवशी गिरजाबाईंना झटके आले, तेव्हा नेलं. जीव वाचला.

दीड महिन्याने मी त्यांच्या घरी गेले, लहानूभाऊंना चार शब्द सुनावायचेच असं ठरवून. गिरजाबाई चुलीपाशी मासोळीचा रस्सा ढवळत होत्या. हाताला सगळं आठवत होतं. दारात उभ्या नवऱ्याकडे पाहून त्यांनी पदर सावरला.

"भाऊ, कोन्या गावचे जी तुमी? आले तं जेवून जा."

लहानूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो बाई, जेवतो," ते म्हणाले, आणि पाय धुऊन पाहुण्यासारखे दाराजवळच बसले.