दुलईतला सूर

साठी ओलांडल्यावर आमच्या ह्यांनी, म्हणजे तेरुहिकोंनी, गिटारचं खूळ डोक्यात घेतलं. तेव्हा संत्र्यांची पेटी घेऊन शेजाऱ्यांची आगाऊ माफी मागायला मलाच जावं लागलं.

एका जुन्या इंग्रजी रॉक गाण्यात मधेच गिटार एकटी वाजते. तिचा तो आवाज ह्यांना घरी हुबेहूब काढायचा होता. गिटारचा आवाज मोठा करणारा, काचेच्या नळ्यांचा जुना अँप आणला, नळ्या बदलल्या, तारा बदलल्या, आवाज खरखरीत करणारी, पायानं दाबायची पेटी आणली. मी नाक मुरडलं, पण अडवलं नाही, कारण हा सगळा खटाटोप सुमिए वन्संसाठी होता. त्यांचा डावा कान कधीच गेला होता, आणि उजवाही उन्हाळ्यापर्यंत टिकायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी तो सूर एकदा ऐकव, एवढंच त्यांनी धाकट्या भावाकडे मागितलं होतं.

रविवारी दुपारी वन्सं बर्फ तुडवत यायच्या. कोतात्सुच्या, म्हणजे बुटक्या टेबलावरून सोडलेल्या दुलईत पाय घालून, टेबलाखालच्या शेगडीची ऊब घेत संत्री सोलायच्या आणि उजवा कान पुढे करायच्या. हे वाजवायचे.

"छान रे तेरु. पण ते नव्हे."

"ताई, अगदी तेच आहे!"

"ते मऊ होतं. आणि डोलायचं. बादलीतल्या पाण्यात चंद्र डोलतो ना, तसं."

शेवटी ह्यांनी मूळ गाण्याची नवी तबकडीच आणून लावली. वन्संनी मन लावून ऐकली आणि मान हलवली. "हेही नव्हे."

माझं डोकंच फिरलं. "वन्सं, ज्यांचं गाणं त्यांनाही नापास केलंत! ऐकलं होतंत तरी कुठे?"

"कुठे म्हणजे? ह्याच घरात. बाबा रेल्वेत रात्रपाळीला, दिवसा पलीकडच्या खोलीत झोपलेले. जरा आवाज झाला की खेकसायचे. मग आम्ही दोघं रेकॉर्ड प्लेअरसकट ह्याच्या आत शिरायचो." त्यांनी दुलईवर थोपटलं.

"शेगडी चालू ठेवून?"

"मग? थंडीत बंद कोण करतं?"

ह्यांनी कपाळावर हात मारला. "ताई, शेगडीनं आपली तबकडी वाकली होती, भाजलेल्या माकुल माशासारखी! म्हणून सूर डोलायचा, आणि दुलईत मऊ व्हायचा!"

अँप टेबलाखाली सरकवला, शेगडी मंद केली. हे गिटार घेऊन दुलईबाहेर बसले. वन्संनी माझा हात धरला आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या दुलईत डोकी घालून आडव्या झालो.

आत लालसर उजेड होता. गरम कापसाचा आणि संत्र्याच्या सालींचा वास होता. ह्यांनी गिटारची सूर हेलावणारी दांडी हलकेच दाबत-सोडत तो तुकडा वाजवला, आणि सूर दुलईत मऊ होऊन डोलत डोलत आला. बाहेर बर्फ पडतंय की थांबलंय, कळेना. हे बालपण माझं नव्हे, तरी पलीकडच्या खोलीत कुणी घोरतंय असं मलाही वाटायला लागलं. इतकं सुख मला त्या घरात क्वचितच झालं असेल.

वन्संनी उजवा कान अँपला टेकवला होता. डोळे मिटलेले, गाल ओले.

"हळू रे, तेरु," त्या कुजबुजल्या. "बाबा उठतील."

सूर क्षणभर थांबला.

"उठू देत, ताई!" हे बाहेरून ओरडले, आणि त्यांनी आवाज वाढवला.