पहिलवानाची गरम गादी

कुत्र्याला घरात झोपवणाऱ्याला मोठ्या बाई माणसांत धरत नसत. चाळीस वर्षं त्यांनी मेंढ्या राखणारी कुत्री वाढवली. कुत्रं थंड फरशीवरच घडतं, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. सुनेनं एकदा पिल्लू सोफ्यावर घेतलं, तर पाहुण्यांसमोर तिची अशी काही हजेरी घेतली, की महिन्याभरात मुलानं वेगळं बिऱ्हाड केलं.

आज त्याच सुनेच्या गाडीतून त्या जनावरांच्या दवाखान्यात आल्या होत्या. मागच्या सीटवर पहिलवान. नऊ वर्षांचा, बाईंनी जपलेल्या वंशातला शेवटचा नर. त्याची सगळी पोरं लोकांनी नेऊन खच्ची करून टाकलेली. त्याचं वीर्य तपासून गोठवून ठेवायचं, म्हणजे तो गेला तरी वंश चालेल, एवढ्यासाठी ही यातायात. गेल्या दोन हिवाळ्यांत दोन माद्या रिकाम्या राहिल्या होत्या. त्याचं खापर बाईंनी माद्यांवरच फोडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी माजावर आलेली एक मादी समोर आणून उभी केली आणि नळी हातात घेतली. बाईंनी सवयीनं पहिलवानाचं डोकं धरलं. सून वळून भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचू लागली.

“तिकडं काय बघतेस?” बाई म्हणाल्या. “तुझी दोन पोरं काय पोस्टानं आली?”

सून काही हसली नाही. डॉक्टरीणबाईंना मात्र खोकला आला.

मग बाईंनी हट्टानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिलवानाच्या बापाचा थेंब त्यांनी असाच पाहिला होता, वारूळ फुटल्यासारखी नुसती वळवळ. इथं सगळं निपचित. एक तेवढा स्वतःभोवतीच गोल फिरत होता.

गोठवताना चांगल्यातले निम्मे मरतात, यातलं काहीच उरणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ताप येऊन गेला का? कुठलं औषध? गरम पाण्यानं अंघोळ? बाईंची मान प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत राहिली. आणि झोपतो कुठं?

“बाहेर. फरशीवर.”

तर मग हे वयाचं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला इलाज नाही. उष्णतेनं झालं असतं तर आशा होती, गारव्यात ठेवला की दोन महिन्यांत नवं बीज तयार होतं. त्यांनी कागदावर सही करायला पेन उघडलं.

बाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. पहिलवानाच्या कानामागं खाजवत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “माझ्याजवळ झोपतो. विजेवर तापणाऱ्या गादीवर. यांच्या जागेवर.”

“कधीपासून?”

“हे गेल्यापासून.”

ती गादी नवऱ्याच्या पाठदुखीसाठी घेतलेली. आता टोमणा येणार म्हणून बाई मान ताठ करून बसल्या. सुनेच्या जागी त्या असत्या तर त्यांनी सोडला नसता. सुनेनं पहिलवानाच्या पायात अडकलेला पट्टा सोडवला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, नुसतं बटण बंद ठेवलं तर चालेल ना? चालेल, दोन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं उत्तर आलं.

“मग राहू दे की त्याला घरात, आई,” गाडीत सून म्हणाली. “तेवढीच सोबत.”

“मला कसली सोबत लागते?” बाई म्हणाल्या. पण फाटकाशी उतरताना तिला चहाला थांब म्हणाल्या. मुलांची शाळा सुटायची वेळ झाली होती, ती थांबली नाही.

बाईंनी सकाळपासून चालूच राहिलेल्या गादीची पिन भिंतीतून उपसली आणि वायर गुंडाळून कपाटावर टाकली. दुपारची आडवं व्हायची वेळ. आपल्या अर्ध्या बाजूला पडून त्यांनी पहिलवानाला हाक मारली. तो आला. पुढचे पाय निवत चाललेल्या गादीवर टाकून त्यानं नाक फिरवलं, हुंगलं, आणखी एकदा हुंगलं. मग पाय खाली घेतले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन सकाळच्या अजून कोमट असलेल्या चुलीला पाठ लावून पसरला.

बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. “असं होय,” त्या म्हणाल्या.

पट्ट्याला धरून त्यांनी त्याला उठवलं, पडवीतल्या उघड्या फरशीवर नेलं आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. वंशाला दोन महिन्यांचा गारवा हवा होता. परत येऊन त्या पलंगावर टेकल्या आणि बसल्या जागेवरून पलीकडच्या जागेवर हात ठेवून पाहिला. तिथं अजून थोडी ऊब होती. हात तसाच ठेवून ती ऊब जाईपर्यंत त्या बसून राहिल्या.