ड्रायरजवळचं टेबल

धाकट्याला कशाचीच वाट बघता येत नसे. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं नाव घेतलं त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून उद्या म्हणजे त्याला कोरी भिंत. पण हॉटेलच्या लॉन्ड्रीत ड्रायरचं दार उघडलं की गरम चादरींचा ढीग त्याच्या टेबलावर यायचा. चादर उचलायची, छातीशी धरायची, हनुवटीखाली दाबायची, मग घडी. तेवढ्यापुरते डोक्यातले आवाजही हळू बोलत. घडी झाली की तो ते विसरे. पुढची चादर पुन्हा नवी. दिवसाला तीनशे वेळा. शहाण्यासुरत्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, त्यांना असं सुख किती वेळा मिळतं!

दवाखान्याच्या फॉर्ममध्ये मात्र वेगळंच विचारलेलं. ‘उद्याच्या एखाद्या गोष्टीची वाट बघता का? कधीच नाही, कधीकधी, रोज.’

त्याने ‘कधीच नाही’वर खूण केली.

“भावजी, दर महिन्याला तेच काय हो?” वहिनी म्हणाली. “कामावर जायची तरी वाट बघत असाल की!”

“नाही.” खोटं बोलणं त्याला जमतच नसे.

थोरल्याने फॉर्म ओढून घेतला. “त्या भट्टीत राबून वाळलाय नुसता. लोक मलाच नावं ठेवतात.” त्याने तिथूनच मुकादमाला फोन लावला आणि धाकट्याचं काम सोडवलं. धाकट्याला विचारलं? वेड्याला कोण विचारतो!

सकाळी धाकटा सवयीने लॉन्ड्रीत गेला.

“अरे राजा, तुला सुट्टी मिळाली ना!” मुकादम हसला. “मला असा भाऊ असता तर!”

त्याच्या टेबलावर नवा माणूस होता. हात भाजतो म्हणून चादरी आधी गार होऊ देत होता.

घरी येऊन धाकटा म्हणाला, “दादा, त्या चादरी—”

“चादरी विसर आता. आराम कर.”

महिनाभर तो टीव्हीसमोर बसला. एकदा वहिनीने इस्त्रीचा शर्ट हातात दिला, तो त्याने छातीशी धरला. “अहो, चुरगळेल!” म्हणत तिने काढून घेतला.

पुन्हा फॉर्म आला. या वेळी त्याने ‘रोज’वर खूण केली.

“सुधारणा आहे,” डॉक्टर म्हणाले.

“काम सोडवलं म्हणूनच!” थोरल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली.

कशाची वाट, हे कुणीच विचारलं नाही. फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

घरी वहिनीने चहाचा कप दिला. दोन्ही तळव्यांत धरून तो बसला, पार गार होईपर्यंत.