आधी काटा की आधी लेबल
शेळगावच्या डाळिंबाच्या शेडमध्ये सकाळपासून तिसऱ्यांदा संगणक अडला. तेव्हा शेतकरी गटाचे अध्यक्ष विजयसिंह रेश्माला शांतपणे म्हणाले, आता पुन्हा अडला तर हा प्रोग्राम बंद, उद्यापासून आपली वहीच बरी. तीन महिने राबून तिने तो लिहिला होता.

शेडमध्ये टेबलं दोन, पण वजनकाटा एक आणि लेबलचा प्रिंटरही एकच. एक टेबल रतनचं, तिथे क्रेट आधी काट्यावर चढायचा, मग शेतकऱ्याच्या नावाचं लेबल निघायचं. दुसरं टेबल ठमाबाईंचं, म्हणजे रेश्माच्या सासूबाईंचं. बिननावाचा माल काट्यावर चढवायचा नाही, ही त्यांची जुनी रीत, म्हणून तिथे लेबल आधी. रेश्माने दोघांचंही मन राखलं आणि प्रोग्राम तसाच लिहिला. सून म्हणून शहाणपणाचंच केलं म्हणा.

आज माल जास्त होता, दोन्ही टेबलं एकदमच कामाला भिडली. रतनच्या टेबलाने काटा धरला आणि ते प्रिंटरची वाट पाहत बसलं. ठमाबाईंच्या टेबलाने प्रिंटर धरला आणि ते काट्याची वाट पाहत बसलं. क्रेटचं काम पुरं होईपर्यंत हातातलं कोणीच सोडेना. हे ध्यानात आलं तेव्हा रेश्माला स्वतःचाच राग आला. दोघांनी एकच क्रम पाळला असता, तर एकाचं होईपर्यंत दुसरं थोडं थांबलं असतं, एवढंच. क्रम कोणताही चालला असता. पण रतनकडे दहा माणसं, त्यांचा हात बसलेला. म्हणजे रीत सोडायची ती सासूबाईंनीच, आणि हे त्यांना सांगायचं रेश्माने. ती त्यांच्या टेबलापाशी गेली.

"आत्याबाई, दोनी टेबलांवर आधी काटा, मग लेबल, असं करावं लागंल. न्हायतर समदंच अडून राहतंय."

ठमाबाईंनी हातातलं डाळिंब पुसून क्रेटमध्ये ठेवलं.

"कर की मग. चढवताना नाव मी तोंडानं घेईन."

रेश्माने चार ओळी बदलल्या. इंदापूरच्या बाजाराची गाडी भरून निघेपर्यंत संगणक एकदाही अडला नाही. विजयसिंहांनी वही कपाटात टाकली.

हात धुताना ठमाबाईंनी सहज विचारलं, "एवढंच हुतं, तर आधी का न्हाय इचारलंस?"

त्या नाहीच म्हणणार, हे रेश्मानेच त्यांच्या वतीने ठरवून टाकलं होतं. तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.