पाच बोटं वर

शिकागोच्या सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरचा आमचा पर्च क्लब आधी कोंबड्यांचं दुकान होता. मिस ओडेसानं तो एकोणीसशे बेचाळीसमध्ये घेतला, भिंती घासल्या, पियानो आणला. रविवारी चर्च सुटलं की लोक तिथे तळलेला मासा खायला येतात आणि आम्हाला ऐकतात. एकोणीस वर्षं रविवारची बैठक मी चालवली, हातात ट्रम्पेट घेऊन. हे सगळं आधीच सांगतो, कारण आता सगळे तिचंच सांगतात.

ती म्हणजे व्हर्डेल पिंक्स्टन. वय चोवीस. हातात मामाचा जुना अल्टो सॅक्सोफोन. दोन रविवार वाजवलं तर लोक मासा गार होऊ द्यायला लागले. माझ्या वेळी गार झालेला मासा मी कधी पाहिला नाही.

वाजवताना बोलता येत नाही, म्हणून पट्टी बोटांनी सांगायची आमची रीत. बोटं वर तर पट्टीत तितके तीव्र सूर, खाली तर तितके कोमल. बोटं दाखवायचा मान बैठक चालवणाऱ्याचा.

तिसऱ्या रविवारी मी तिच्याकडे बघत पाचही बोटं वर केली. सॅक्सोफोनवाल्याचा घाम काढणारी पट्टी. पियानोवरचा क्लिऑन पुटपुटला, "लूशियस, लाज बाळग रे."

पण बाईसाहेबांनी माझ्या हाताकडे बघितलंच नाही. डोळे मिटलेले. चर्चमध्ये गाणाऱ्या म्हाताऱ्या मनाला येईल त्या पट्टीत सुरू करायच्या आणि ही त्यांच्यामागे धावायची, असं नंतर कळलं. दोन ओळी चाचपडली आणि मग त्या पट्टीत घरच्यासारखी फिरली.

मग माझी पाळी. मी चुकलो नाही, हे लिहून ठेवा. एकही सूर चुकला नाही. आणि लोक आपापसात तिच्याबद्दल बोलत राहिले.

मिस ओडेसा काउंटरवरून उठली. मला म्हणाली, "पुढच्या रविवारपासून बोटं पोरगी दाखवेल. तू वाजव."

"आणि नाही वाजवलं तर?"

"तर मासा खा. पण बसून राहा. तोंड पाडून घरी गेलास तर परत येणार नाहीस, ओळखते मी तुला."

पुढच्या रविवारी गेलो. का गेलो विचारू नका. पहिल्याच गाण्याला तिनं माझ्याकडे वळून तीन बोटं खाली केली. माझी सगळ्यात लाडकी पट्टी. हिला कुणी सांगितलं? क्लिऑननं, दुसरं कोण? तो पियानोत नाक खुपसून बसला होता.

सूड घेतला असता तर मी तिला माणूस म्हटलं असतं. तिनं मला सांभाळून घेतलं. मला!

डोळे मिटून वाजवलं. कित्येक वर्षांत वाजलं नव्हतं असं वाजलं. थांबलो तेव्हा पुढच्या टेबलावरच्या बाईचा काटा हवेत तसाच होता. आणि सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती त्या पोरीनं.

तेवढं तरी तिनं करायला नको होतं.