ऊब म्हणजे काय

घाटकोपरच्या एका शाळेत श्यामकांत कर्णिकांनी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. समानार्थी शब्दांचा तास त्यांचा आवडता. "समानार्थी म्हणजे सारखे नव्हेत," असं ते वर्गाला बजावत. "धग लांबूनही लागते. आच लागायला जवळ जावं लागतं. उष्म्याने जीव नकोसा होतो. आणि ऊब? माणूस उठून गेला तरी अंथरुणात थोडा वेळ राहते ती ऊब." या वाक्याला मागच्या बाकांवर खसखस पिकायची. मग सरही हसायचे.

निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. मुलुंडला जानेवारीत पहाटे बऱ्यापैकी गारठा पडतो. अशाच एका सकाळी सुहासिनीबाईंनी चहाचा पेला त्यांच्या हातात दिला.

"लगेच पिऊ नका. धरून बसा जरा, हाताला ऊब येईल."

"ऊब म्हणजे काय गं?"

त्या हसल्या. "माझी परीक्षा घेताय होय?"

"नाही, खरंच विचारतोय. शब्द ऐकल्यासारखा वाटतो."

"अहो, ऊब म्हणजे उबारा."

"उबारा म्हणजे?"

"उष्णता. गरमपणा." एवढं बोलून त्या थांबल्या. श्यामकांत मान हलवत होते, नव्या शेजाऱ्याचं नाव ऐकून माणूस सभ्यपणे हलवतो तशी. त्यांना काहीही कळलेलं नव्हतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, फोटो काढले. आजाराचं नाव इंग्रजी होतं, पण त्यांनी ते सोपं करून सांगितलं. "रस्ते यांना आठवतील, तारीख आठवेल, बोलणंही अस्खलित राहील. शब्दांचे अर्थ मात्र जातील. आधी अवघड शब्दांचे, मग रोजच्या. पुढे वस्तू हातात असली तरी ती कशासाठी असते ते कळणार नाही."

"औषध?" बोरिवलीहून मुद्दाम आलेल्या ऋताने, त्यांच्या मुलीने, विचारलं.

"नाही."

सुहासिनीबाईंनी ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही. जन्मभर शब्दांवर जगलेल्या माणसाला शब्द परत शिकवता येणार नाहीत, हे त्यांच्या मनाला पटेना. शब्दांनी शब्द कळत नसेल तर वस्तूने कळेल, असं त्यांनी ठरवलं. त्या श्यामकांतांना गॅलरीतल्या कोवळ्या उन्हात बसवायच्या. "ही ऊब." इस्त्री केलेला सदरा त्यांच्या गालाला लावायच्या. "ही ऊब." स्वयंपाक करताना त्यांचा हात तव्याच्या वर, वीतभर अंतरावर धरायच्या. "कळली? ही ऊब."

"ऊब," ते म्हणायचे.

पंधरवड्यात ते स्वतःहून म्हणू लागले. उन्हात बसले की हात पुढे करून म्हणायचे, "ऊब." सुहासिनीबाईंनी ऋताला फोन केला. "तुझ्या बाबाला येतंय गं! डॉक्टर काहीही म्हणोत."

ऋता पलीकडे नुसतं "हं" म्हणाली.

त्या दिवशी दुपारी दारावर कुरिअरवाला आला. सही करून, दार लावून सुहासिनीबाई वळल्या, तर श्यामकांत स्वयंपाकघरातून येत होते. उजवा हात त्यांनी पुढे धरला होता. तळव्याची कातडी पांढरी पडून सुटली होती.

"सुहास," ते म्हणाले, "ही ऊब दुखते."

तवा गॅसवर तसाच होता.

दवाखान्यात मलमपट्टी होईपर्यंत ऋता पोचली. बाहेरच्या बाकावर बसून ती बोलली. आवाज चढवला नाही तिने, पण सोडलंही नाही. "आई, पुरे कर आता. त्याला काही येत नाहीये. तू जे म्हणतेस ते तो परत म्हणतो, बस्स. पोपट करून ठेवलायस त्याचा."

"मी काय करू मग? नुसती बघत बसू?"

ऋताने आईचा हात धरला. सुहासिनीबाईंनी तो सोडवून घेतला.

शिकवणं त्या दिवशी बंद झालं. जखम भरायला दोन महिने लागले. तेवढ्या काळात पेला गेला, चमचा गेला, कंगवा गेला. पावसाळा संपता संपता एकदा त्यांनी विचारलं, "तुमचं नाव सुहास ना? सुहास म्हणजे काय?" गोड हसणं, असं सांगायचं सुहासिनीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. "काही नाही, नुसतं नाव आहे," त्या म्हणाल्या. तेव्हापासून ते त्यांना अहोजाहो करू लागले, आणि तेही त्यांनी दुरुस्त केलं नाही.

डिसेंबरात सुहासिनीबाईंना ताप आला. सकाळी उठवेना, दातावर दात वाजत होते. श्यामकांत पलंगाजवळच्या खुर्चीत येऊन बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"अहो, थंडी वाजतेय मला. अंगावर काहीतरी घाला."

"थंडी म्हणजे?"

त्यांनी डोळे मिटले. आता त्यांच्याकडेही दुसरा शब्द उरला नव्हता.

बाई हलतायत, त्यांना काहीतरी होतंय, एवढं श्यामकांतांना जाणवलं असावं. ते अस्वस्थ झाले. उठले, खोलीभर फिरले, पडदा सरकवून बघितला, परत बंद केला. मग भिंतीजवळ जाऊन त्यांनी एकेक बटण दाबायला सुरुवात केली. पंखा लागला. तो गरगरताना बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी तो पाचवर नेला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

"आता बरं वाटेल तुम्हाला," ते म्हणाले.

वारा थेट अंगावर येत होता. सुहासिनीबाईंनी गुडघे पोटाशी घेतले. थोड्या वेळाने भिंत धरत धरत त्या उठल्या, पंखा बंद केला, आणि कपाटातून स्वतःच रजई ओढून काढली. श्यामकांत जागचे हलले नाहीत. बंद होत चाललेली पाती ते मान वर करून बघत होते.